साहेबांचं तळं

१० मार्च

आजपासून डायरी. मराठीत लिहिते, कारण धाकटा भाऊ अंकुर माझ्या सगळ्या वस्तूंना हात लावतो, पण मराठीच्या चार ओळी वाचायला त्याला कंटाळा येतो.

कॉलेजने एम.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला इंटर्नशिप सक्तीची केली आहे. वर्गातल्या मुलींनी बँका आणि सीएंची ऑफिसं घेतली. मी 'जलसंगत' घेतली. ही संस्था गावांतली तळी आणि पाणथळ जागा वाचवते. माझा विषय हवामान अनुकूलनासाठी निधी. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजची पायरी चढलेलं नाही, त्यामुळे जेवताना सगळ्यांना समजावून सांगावं लागलं.

"कायचा निधी?" बाबांनी विचारलं.

मी म्हटलं, उन्हाळे वाढणार, पाऊस बेभरवशाचा होणार, ते लगेच थांबणारं नाही. त्यात गावांना नीट जगता यावं म्हणून आधीच जी कामं करायची, त्यांचा पैसा.

बाबा इथे भिलाईच्या स्टील प्लांटमध्ये कोक ओव्हनच्या भट्टीवर आहेत. ते म्हणाले, "मंजे भट्टी काई थंडी होत नाई, तं माणसाले जाकीट दे. असंच ना?"

"असंच."

"मंग इतकं लंबं नाव कावून ठेवलं?"

आई पोळी वाढता वाढता म्हणाली, "छोट्या नावाले पैसे कोण देते?"

१३ मार्च

संस्थेचं ऑफिस म्हणजे नेहरू नगरमधल्या एका घराचा खालचा मजला. तीनच माणसं. प्रमुख वसुंधरा मॅडम, हिशेब बघणारे पीयूष भैया आणि आता मी. मॅडम म्हणाल्या, "मॅडम नको, ताई म्हण." मला अजून जमत नाही. वहीत जमेल म्हणून इथे ताई लिहिते.

ताई पन्नाशीच्या आत असतील. सेक्टर टेनच्या ऑफिसर लोकांच्या क्वार्टरमध्ये वाढलेल्या, त्यामुळे मराठी अगदी स्वच्छ. मी घरच्यासारखं "करून राहिली" म्हणाले तर हसत नाहीत. मनगटावर मोठ्या तबकडीचं, पुरुषांचं वाटावं असं घड्याळ घालतात. ते इतकं सैल आहे की लिहिताना कोपराकडे सरकतं आणि त्या परत खाली ओढतात. वेळ पाळणाऱ्या बाईला छोटं नाजूक घड्याळ काय कामाचं. मला हे फार आवडलं.

माझं काम असं. नंदिनी नगरच्या पुढे परसाडीह गावात संस्थेने दोन वर्षांपूर्वी नवीन तळं खोदलं. तो पहिला टप्पा. निधी देणाऱ्या दिल्लीच्या संस्थेच्या मृणाल मॅडम मे महिन्यात ते बघायला येणार आहेत. त्यांना पटलं तर आणखी सात गावांना तळी मिळतील. नाही पटलं तर नाही. मला त्यांच्यासाठी अहवाल करायचा आहे. तळ्याचं पाणी, खोली, काठ, सगळे रकाने उत्तम भरले आहेत. एकच रकाना वाईट आहे. 'तळं वापरणारी कुटुंबं', त्यापुढे शून्य.

मी विचारलं, "ताई, हे टायपिंगमध्ये चुकलंय का?"

त्या म्हणाल्या, "नाही. ते बरोबर आहे."

तळ्याचा नकाशा हाताने काढलेला, भिंतीवर लावलेला आहे. खाली सही, धनंजय. फार सुरेख अक्षर. पाणी कुठून येईल, कुठे मुरेल, सगळे बाण काढलेले. मी विचारलं हे कोण, तर पीयूष भैया खुर्ची फिरवून म्हणाले, "आधी इथे इंजिनियर होते. वो बात मत छेड़ना इधर." म्हणजे भांडून गेले असावेत.

१९ मार्च

परसाडीहला जाऊन आले. ताईंना रायपूरला मीटिंग होती, म्हणून पीयूष भैयांच्या मोटारसायकलवर गेले.

तळं बघून मी उभीच राहिले. आजूबाजूची शेतं भाजलेली आणि मधे स्वच्छ, हिरवट, कमरेइतकं पाणी. उतरायला दगडी पायऱ्या. बायकांना कपडे बदलायला आडोसा. आणि एक माणूस नाही. एक म्हैस होती, ती मात्र मजेत होती.

आम्ही उभे असताना बायकांची रांग गेली. डोक्यावर कपड्यांची गाठोडी, हातात बादल्या. या तळ्याच्या काठाकाठाने चालत गावापलीकडच्या जुन्या तळ्याकडे. तिथे घोट्याइतकं गढूळ पाणी राहिलं आहे. मी एकीला विचारलं, इथे का नाही उतरत? ती म्हणाली, "हव, नहाबो ना." म्हणजे हो, अंघोळ करू की. असं म्हणून पुढे गेली. सगळ्याच तसं म्हणाल्या. नाही कोणीच म्हणत नव्हतं.

गावातल्या बायकांच्या गटाच्या मुखिया राधाबाई. साठीच्या, पांढरी साडी, आवाज गावभर जाईल असा. त्यांनी चहा दिला. तळ्याबद्दल विचारलं की विषय बदलत होत्या. मलाच विचारत होत्या, "मैडम खाथे बने?" म्हणजे ताई नीट जेवतात का. घरी सोबत कोण असतं. झोप लागते का. ताईंना लोक किती मानतात हे बघून मला भरून आलं. पण मग त्यांनी बांधलेल्या तळ्यात उतरत का नाहीत?

२४ मार्च

मी एक हुशारी केली. नकाशा काढणाऱ्या धनंजय सरांनाच विचारावं असं ठरवलं. जुन्या फाइलमध्ये त्यांचा ईमेल सापडला. लिहिलं, सर, मी नवीन इंटर्न आहे, तुमचा नकाशा मला फार आवडला. जागा निवडताना गावाशी काय बोलणं झालं होतं? तळं कोणी वापरत नाही. तुमच्या मते कुठे चुकलं असेल? सवडीने कळवावे.

पीयूष भैयांना सांगितलं तर त्यांनी कपाळाला हात लावला. "पूछ तो लेती."

"तुम्हीच म्हणालात ना, इथे विषय काढू नको. म्हणून मी बाहेर काढला."

२५ मार्च

सकाळी माझ्या टेबलावर ताईंनी लिहिलेली दोन पानं होती. जागा कशी निवडली, कोणाकोणाशी बोलणं झालं, ओढ्याच्या काठी तीन दिवस तंबू ठोकून पाण्याची वाट कशी बघितली, पायऱ्या किती उंच हव्यात हे राधाबाईंना चढउतार करायला लावून कसं ठरवलं. सगळं. शेवटी एक वाक्य, 'जागा चुकली असं त्यांना वाटलं नसतं.'

मी म्हटलं, "सरांनी तुम्हाला कळवलं वाटतं."

ताई म्हणाल्या, "त्यांचे ईमेल माझ्याकडे येतात."

जाऊन दोन वर्षं झालेल्या माणसाची कामं ही बाई अजून निस्तरते आहे. मी असते तर नसतं केलं.

२ एप्रिल

मृणाल मॅडमचा ईमेल आला. येण्याची तारीख सात मे. त्यांनी सरळ लिहिलं आहे की तळं वापरात नसेल, तर दुसऱ्या टप्प्याची शिफारस करता येणार नाही.

पीयूष भैया म्हणाले, म्हशी पण वापरतातच, 'पशुधन' असा रकाना घालू. ताई म्हणाल्या, "घाल. पण कुटुंबांचा शून्य खोडू नकोस."

नंतर आम्ही दोघीच होतो. ताई नकाशासमोर उभ्या होत्या. मला राहवलं नाही. मी म्हटलं, "ताई, राग मानू नका. पण इतकं चांगलं काम अर्धवट टाकून माणूस जातोच कसा?"

त्यांनी घड्याळ खाली ओढलं. म्हणाल्या, "मी पण हेच विचारते त्यांना."

मग म्हणाल्या, "तू चहा घेणार का?" आणि स्वतः उठून केला. माझ्यासारख्या इंटर्नसाठी. एवढ्या मोठ्या बाईने.

८ एप्रिल

आज बसने एकटीच परसाडीहला गेले. ठरवलं होतं, "हव, नहाबो" ऐकून परत यायचं नाही. राधाबाई महुआ, म्हणजे मोहाची फुलं, वाळत घालत होत्या. मी शेजारी बसून महुआ पसरायला लागले आणि म्हटलं, मावशी, मला नोकरी नाही, पगार नाही, मी शिकायला आले आहे. मला खरं सांगा, नाहीतर मी नापास होईन.

मी पसरलेली फुलं त्यांनी पुन्हा विरळ केली. मग म्हणाल्या, "बिना बिहाव के तरिया म कोन नहाही, बेटी?"

बिनलग्नाच्या तळ्यात कोण अंघोळ करणार.

इथे नवीन तळं खोदलं की त्याचं लग्न लावतात. सरईच्या, म्हणजे साल वृक्षाच्या लाकडाचा खांब हळद लावून, वाजतगाजत नेतात आणि तळ्याच्या मधोमध रोवतात. तो नवरा, तळं नवरी. लग्न झालं की पाणी घरचं झालं. तोपर्यंत गुरांनी प्यायलं तर चालतं, माणसाने उतरायचं नाही. मी आयुष्यभर भिलाईत राहिले, पण कोहक्यातलं घर ते कॉलेज, एवढंच. जुन्या तळ्यांच्या मधे उभे खांब कितीदा बघितले. मला वाटायचं पाणी मोजायला असतील.

"मग लावायचं ना लग्न. दोन वर्षं का थांबलात?"

राधाबाई म्हणाल्या, जो तळं खोदतो तो मुलीचा बाप. त्याने बायकोसोबत बसून कन्यादान करायचं. तारीखही ठरली होती. साहेब म्हणाले होते, अक्तीला, म्हणजे अक्षय तृतीयेला करू, मी धोतर नेसून येतो. खोदाई संपली आणि त्याच महिन्यात रायपूरच्या रस्त्यावर साहेबांच्या गाडीला ट्रकने उडवलं.

"साहेब नइ हे, त मैडम अकेल्ला कइसे बइठही? अउ ओला पूछही कोन?"

साहेब नाहीत, मग मॅडम एकट्या कशा बसणार. आणि हे त्यांना जाऊन विचारायचं कोणी.

मी बसमध्ये खिडकीशी बसले आणि नंदिनी नगर येईपर्यंत बाहेरच बघत राहिले.

९ एप्रिल

आज काही लिहवत नाही. ईमेल कुठे गेला होता, ते घड्याळ कोणाचं आहे, मी काय काय बोलले, सगळं आठवतंय.

११ एप्रिल

ताईंना सांगितलं. आधी माफी मागायला लागले तर त्या म्हणाल्या, "तू त्यांच्यावर रागावलीस ना, मला बरं वाटलं. बाकी सगळे त्यांच्याबद्दल फक्त हळू आवाजात बोलतात." मग मी लग्नाचं सांगितलं.

त्यांनी भिंतीवरच्या नकाशाकडे बघितलं. "म्हणजे लोक माझ्यासाठी थांबले होते?"

"हो."

"आणि मी समजत होते की धनंजयची जागा चुकली. दोन वर्षं प्रत्येक अहवालात मी ती जागा सावरून घेते आहे, नीतू. आणि रोज मनात म्हणते, तू चुकलास रे."

मग त्या हसल्या. इतक्या दिवसांत पहिल्यांदा आवाज करून.

पीयूष भैयांना बोलावलं आणि म्हणाल्या, अक्तीला लग्न, खर्चाचं बघ. भैया म्हणाले, "मॅडम, हे 'जनजागृती कार्यक्रम'मध्ये टाकू. नाहीतर 'प्रशिक्षण'. किसी को पता नहीं चलेगा."

"लग्नाला लग्नच लिही."

"ऑडिटवाला पूछेगा, दूल्हा कौन है."

"सांग, सरईचा आहे. घरजावई आहे."

मी कारण लिहायला बसले. पाच वेळा खोडलं. शेवटी लिहिलं, 'पाणी साठवणं म्हणजे अनुकूलन नव्हे. ते पाणी लोकांनी आपलं म्हणणं, हे अनुकूलन. त्यासाठी या गावात लग्न लागतं.' ताईंनी वाचलं आणि एकही शब्द बदलला नाही. माझं एखादं वाक्य कोणी असं जसंच्या तसं ठेवल्याचं मला आठवत नाही.

पण कन्यादानाला कोण बसणार हा प्रश्न उरलाच. राधाबाईंचा निरोप आला. सरपंच बसायला तयार आहेत, पण मुलीकडचं माणूस हवं, म्हणजे संस्थेचं. पीयूष भैयांचं लग्न झालेलं नाही. संस्थेत उरले मी.

१५ एप्रिल

बाबा फर्स्ट शिफ्टहून आले, बनियन काढून फरशीवर आडवे झाले. मी उशाशी बसले.

"बाबा, तुमाले आणि आईले एका लग्नात बसा लागते. कन्यादानाले."

बाबा ताडकन उठले. "कोणाच्या? तुह्या?"

"तळ्याच्या."

अंकुर आतून ओरडला, "पापा, दीदी गई काम से."

मी सगळं सांगितलं. साहेबांचं, ताईंचं, राधाबाईंचं. आई लसूण सोलत होती, तिचे हात थांबले. बाबांनी बनियन परत अंगात घातलं. मला वाटलं, चिडले. यासाठी शिकवलं का तुला, असं म्हणणार.

ते म्हणाले, "आपण तं बाहेरचे. तुमसरकडचे. तळं इथलं. त्याइले चालन का?"

"ते म्हणतात, संस्थेच्या मुलीचे आईबाप म्हणजे मुलीकडचेच."

"संस्थेची मुलगी," बाबा स्वतःशी म्हणाले. मग आईला म्हणाले, "सिंधू, तुही ती मोरपंखी साडी कुठं हाय?"

आई म्हणाली, "लेकीचं लग्न राह्यलं बाजूले, अन् हे निघाले तळं खपवाले." पण उठून पेटी उघडायला गेली. साडी शोधायला तिला फार वेळ लागला. बाहेर आली तेव्हा नाक ओढत होती. डांबराच्या गोळ्यांचा वास लागला म्हणे.

३० एप्रिल, अक्ती

खूप दमले आहे, पण आज नाही लिहिलं तर कधी लिहिणार.

अक्तीच्या प्रथेप्रमाणे गावात घराघरांत बाहुला-बाहुलीची लग्नं चालली होती, आणि त्यात आमचं एक खरं. सरईचा खांब हळदीने पिवळा झालेला, आठ जणांच्या खांद्यावर. पुढे गड़वा बाजा, इथल्या लग्नांतली वाजंत्री. बाबा धोतर नेसून, पाठ ताठ करून पाटावर बसले होते. प्लांटच्या सेफ्टी परेडला बसतात तसे. पुजारी जे सांगेल ते एकदाच ऐकून अगदी बरोबर करत होते. आई सुरुवातीपासून रडत होती. मला म्हणाली, "कोणाचं तळं, अन् मी रडून राहिली." तरी थांबली नाही.

ताई पाटाजवळ आल्या नाहीत. लांब करंजाच्या झाडाखाली सगळ्यांच्या चपला राखत उभ्या होत्या. पोरं येत होती, चपला शोधत होती, त्या काढून देत होत्या. संस्थेच्या प्रमुख. मी दोनदा बोलवायला गेले. म्हणाल्या, "इथून छान दिसतं."

माणसं कमरेइतक्या पाण्यात उतरली, खांब उभा झाला आणि बायकांनी गाणं उचललं. मग गावच्या सुना आधी उतरल्या. एकीने दुसरीवर पाणी उडवलं, आणि मग कोणालाच आवरेना. म्हैस बिचारी बाहेर निघून गेली.

बाबांचे पाय हळदीने आणि चिखलाने भरले होते. ते धुवायला पायरीवर गेले, तर राधाबाईंनी हात आडवा केला. मुलगी दिली की बापाने तिच्या पाण्याला हात लावायचा नाही. या तळ्यात तुम्ही दोघं कधी उतरायचं नाही. बाबा हसले. म्हणाले, "आमच्याकडं पण असंच होतं पहिले. लेकीच्या घरचं पाणी पेत नव्हते." आणि तसेच पिवळे पाय घेऊन घरी आले. कोहक्याच्या नाक्यावर ओळखीच्यांनी विचारलं, कुठून? बाबांनी स्कूटर थांबवून सगळ्यांना सविस्तर सांगितलं.

रात्री मोरीत पाय धुवायला पण तयार नव्हते.

७ मे

मृणाल मॅडम येऊन गेल्या. तळ्यावर इतकी गर्दी होती की त्यांना पायरीवर उभं राहायला जागा मिळेना. खर्चाच्या कागदावर बोट ठेवून त्यांनी विचारलं, "शादी?" ताईंनी सगळं सांगितलं, काही न लपवता, साहेबांचंसुद्धा. मॅडमनी माझं वाक्य दोनदा वाचलं. जाताना म्हणाल्या, सातही तळ्यांच्या अंदाजपत्रकात हे खातं ठेवा, मी शिफारस करते. पण बाजावाल्यांचे पैसे जास्त लावले आहेत. पीयूष भैयांनी नंतर कबूल केलं की ते खरं आहे.

हे झालं अहवालापुरतं. मला लिहायचं आहे ते सकाळचं.

मॅडम यायच्या आधी आम्ही लवकर पोहोचलो होतो. ताई लग्नानंतर पहिल्यांदाच आल्या होत्या. वरच्या पायरीवर उभ्या राहून खांबाकडे बघत होत्या. राधाबाई खालच्या पायरीवर लुगडं पिळत होत्या. त्यांनी वर बघितलं. आजवर त्या ताईंशी "तुमन" म्हणून, आदरानेच बोलायच्या. आज म्हणाल्या, "तैं त नइ बइठे हस. तैं नहा ले."

तू कन्यादानाला बसली नाहीस ना. मग तू उतर.

ताईंना कळायला क्षणभर लागलं. मलाही. त्या बसल्या असत्या, तर या पाण्यात त्यांना कधीच उतरता आलं नसतं. बाबांसारखं.

त्यांनी चपला काढल्या. घड्याळ काढलं. ते ठेवायला जागा शोधली, मग माझा हात पुढे ओढून माझ्या मनगटावर चढवलं. आणि ऑफिसच्या सुती साडीत, एक एक पायरी, घोटे, गुडघे, कंबर, आत गेल्या. बायकांनी सरकून जागा केली. त्या खांबापर्यंत गेल्या आणि खांबाला हात लावून उभ्या राहिल्या, पाठ आमच्याकडे.

मी घड्याळ कोपराकडे सरकू नये म्हणून दुसऱ्या हाताने धरून ठेवलं होतं. तेवढ्यात फोन वाजला. मृणाल मॅडम नंदिनी नगरपर्यंत आल्या होत्या. रस्ता विचारत होत्या, आणि वसुंधरा फोन का उचलत नाही असंही.

मी रस्ता सांगितला. मग म्हटलं, "मॅडम, थोडं हळू या. ताई तळ्यात आहेत."